बुंधा खाली, शेंडा वर

आमच्या माजघराच्या मधोमध एक खांब होता आणि घरातलं बरंचसं जगणं त्याच्याभोवती चालायचं. मोठीमाय ताक घुसळायची ती रवीची दोरी त्याला अडकवून. तात्या, माझे थोरले चुलते, जेवायला बसायचे ते त्याला पाठ लावून, आणि पाठ लागल्याशिवाय त्यांना भाकरी गोड लागत नसे. माझी उंची त्याच्यावर विळ्यानं खाचा पाडून मोजली जायची. घर माळवदाचं होतं, म्हणजे दगडमातीच्या जाड भिंती, भिंतींवर तुळया, तुळयांवर आडव्या फळ्या, फळ्यांवर पालापाचोळा आणि त्यावर हातभर पांढरी माती. दर वर्षी मिरगाच्या आधी तात्या माळवदावर आणखी चार पाट्या माती टाकायचे, गळू नये म्हणून, आणि खालून मोठीमाय ओरडायची, "खांबाला इचारून टाका." एवढी माती आमच्या डोक्यावर येत नव्हती ती त्या एका खांबामुळे, हे मला समजायला बरीच वर्षं लागली. उभं राहणाऱ्याकडे कुणी बघत नाही. तो वाकला की सगळे बघतात.

आत्मकथन उतारवयात लिहावं, असं मला पुष्कळांनी सांगितलं आहे. मी एकतीस वर्षांची आहे. पण या प्रकरणातला दुसरा माणूस ऐंशीच्या पुढे आहे, आणि त्याच्या माघारी हे लिहिलं तर ते सोपं होईल. सोपं झालेलं मला नको आहे.

आई मला आठवत नाही. मला वाढवलं मोठीमायनं, म्हणजे माझ्या थोरल्या चुलतीनं, आणि पत्रकांनी. आप्पा, माझे वडील, जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते आणि शाळा सुटली की चळवळीत. परभणीला गेले की खांद्यावरची पिशवी भरून यायची. भानामतीवर, नवसाच्या बकऱ्यांवर, मुहूर्तांवर, हुंड्यावर आठ-आठ पानी पत्रकं. पिवळट कागद, बोटाला लागणारी शाई. माजघराच्या देवळीत देवाच्या जागी हेच गठ्ठे असायचे, आणि मोठीमाय त्यांच्याच कडेला उदबत्ती लावायची, कारण तिला दुसरी जागा दिलेली नव्हती. मी अक्षरं ओळखायला शिकले ती त्या गठ्ठ्यांवर. त्यामुळे मी बोलायचेही तशीच. शेजारच्या बाईनं बाळाच्या गालाला काजळ लावलं की मी विचारायचे, "याला पुरावा काय?" मोठीमाय भाकरी थापता थापता म्हणायची, "ही बोलायलीय का वाचून दाखवायलीय?" सगळे हसायचे. आप्पा हसायचे नाहीत. ते माझ्याकडे बघायचे, आणि त्या बघण्यासाठी मी काहीही केलं असतं. ते काहीही म्हणजे काय, तेच मला इथं सांगायचं आहे.

दहावीची परीक्षा देऊन मी घरी बसले होते त्या उन्हाळ्यात खांबातून पीठ गळायला लागलं. आधी चिमूटभर, मग सकाळी झाडताना सुपात घेण्याइतकं. तात्यांनी बाबूमामाला बोलावलं. बाबूमामा गावातला एकुलता एक सुतार. हडकुळा, उंच, कानावर बिडी आणि कनवटीला चिंधीत बांधलेला गेरूचा खडा. लिहिता-वाचता येत नव्हतं, म्हणून पेन्सिल कधी वापरली नाही. गावातलं प्रत्येक औत, प्रत्येक तिफण, प्रत्येक गाडीचं चाक त्यानं केलेलं होतं. मात्र ट्रॅक्टर आल्यापासून ते काम आटलं होतं, आणि घरं तर सगळी स्लॅबची होऊ लागली होती. त्यानं आमच्या खांबाला बोटाच्या पेरानं टकटक केलं, कान लावला, अन् तात्यांना म्हणाला, "पाटील, ह्यो गेला. किड्यानं आतून पार भुगा केलाय. घर आता सवयीवर उभं हाय."

आमच्या बांधावरचा कडुलिंब आदल्या वर्षी वावटळीत आडवा झाला होता. त्याचं खोड सुकवून ठेवलेलं होतं. आठ दिवस बाबूमामा आमच्या अंगणात राबला. वाकसाचे, म्हणजे लाकूड तासायच्या आडव्या पात्याच्या हत्याराचे, घाव सकाळी उठायच्या आधी सुरू व्हायचे, ठोस, जाड आवाजाचे. मग दुपारून रंध्याची लांब सळसळ. सगळ्या घराला कडुलिंबाचा कडवट वास. मोठीमाय त्याला न्याहारीला मुरमुऱ्यांचा सुशीला द्यायची, दुपारी ज्वारीची भाकरी अन् येसराची आमटी, आणि तो दर वेळी म्हणायचा, "वैनी, मीठ बरुबर हाय. माह्या घरी सून घालती ते मोजून घालती." मी पायरीवर पत्रक घेऊन बसलेली असायचे.

"काय वाचायलीस माय?"

"अंधश्रद्धा आणि श्रमिक."

"कडू लागतंय का?"

"खरं असतं ते कडूच लागतं."

"मंग ह्यो भुगा खा," तो रंध्याखालचा कडुलिंबाचा पापुद्रा पुढं करून म्हणायचा. "ह्योबी खराच हाय."

माणूस मला आवडायचा, हे लिहून ठेवायला हवं. त्यानंच मला शिकवलं की लाकूड मेलं तरी त्याला दिशा असते. रंधा बुंध्याकडून शेंड्याकडं चालवला तर सरळ पळतो, उलटा चालवला तर अडतो, केसातून उलटी फणी ओढावी तसा. त्यानं माझा हात धरून तळवा खांबावरून फिरवला होता, एकदा असा, एकदा तसा. चौकोनी केलेल्या खांबाची दोन्ही टोकं डोळ्याला सारखीच दिसत होती, पण तळव्याला कळत होतं. मग त्यानं कनवटीचा गेरू काढला आणि एका टोकापासून चार बोटांवर कोंबडीच्या पायासारखी तीन रेघांची खूण केली.

"हे कशाचं चित्र काढायलाव मामा?"

"चित्र न्हाई, पाय हाय ह्यो. ह्या अंगानं झाड मातीत उभं व्हतं. घरातबी तसंच ऱ्हानार. बुंधा खाली, शेंडा वर."

"उलटं उभं केलं तर?"

"माणूस डोक्यावर उभा ऱ्हातो का? उलट्या खांबानं घर पालथं व्हतं म्हंतेत."

"कोण म्हणतं?"

"माहा बाप म्हनायचा. त्याचा बाप म्हनायचा."

"त्यांनी बघितलं होतं का एखादं पालथं झालेलं घर?"

बाबूमामा हसला. "उलटा खांब कोन्या सुतारानं बसवलाच न्हाई, तर दिसंल कसं?"

तो सहज बोलून गेला. मला मात्र त्यात उघडं दार दिसलं. कुणी बसवलाच नाही म्हणजे कुणी तपासलंच नाही. माझ्या सगळ्या पत्रकांमध्ये प्रयोग हा शब्द होता आणि मी आयुष्यात एकही प्रयोग केला नव्हता.

दुसऱ्या दिवशी जेवणानंतर तो खांबाच्या वरच्या टोकाला कुसू पाडणार होता. कुसू म्हणजे तुळईच्या खोबणीत जाऊन बसणारी जीभ. ती एकदा पडली की वर कुठलं आणि खाली कुठलं ते कायमचं ठरतं. त्या दुपारी जेवून तो चिंचेखाली डोळ्यावर गमछा टाकून पडला. तात्या शेतात होते, मोठीमाय वाळवणापाशी. मी त्याचाच काचकागद घेतला आणि त्याची खूण घासून काढली. फार वेळ लागला नाही. मग त्याच्या चिंधीतला गेरू घेऊन दुसऱ्या टोकाला, चार बोटं मोजून, तीन रेघा काढल्या. मी मनात वाक्यं रचत होते.

उठल्यावर त्यानं तोंडावर पाणी मारलं, खूण पाहिली आणि खूण नसलेल्या टोकाला पटाशी लावली. पुन्हा तळवा फिरवून पाहिला नाही. कशाला पाहील? खूण त्याच्याच हातची होती. ढलप्या उडत गेल्या, त्यांच्याबरोबर मी घासलेली जागाही गेली, आणि संध्याकाळी मोठीमायनं त्या ढलप्या चुलीत घालून भाकरी भाजल्या. पुरावा आम्ही सगळ्यांनी मिळून खाल्ला.

खांब उभा करायच्या दिवशी गल्लीतली दहा माणसं आली. तुळईला चार टेकू दिलेले होते. जुना खांब काढला तेव्हा घर क्षणभर नुसत्या टेकूंवर होतं आणि आम्हाला सगळ्यांना अंगणात उभं केलं होतं. नवा खांब तळखड्याच्या दगडावर चढला. मोठीमायनं त्याच्या पायाला हळदकुंकू लावलं, वर हिरवा खण आणि आंब्याचा डहाळा बांधला, नारळ फोडला. बाबूमामा एकेक टेकू हळूहळू सैल करत गेला, शेवटचा काढला, तेव्हा वरच्या मातीचं ओझं खांबावर आलं आणि लाकडातून बारीक करकर निघाली. त्यानं खांबाला कान लावला होता. डोळे मिटून ऐकत होता. "बसला," तो म्हणाला. "आता तुमच्या नातवंडापस्तोर बघायचं काम न्हाई." मोठीमायनं शेंड्याला हळदकुंकू लावलं होतं आणि ते फक्त मला ठाऊक होतं. सांज्याच्या पोळ्या वाढताना मला हसू आवरत नव्हतं.

उरलेल्या तुकड्यांतून त्यानं मला जमिनीवर बसून लिहायचं एक बुटकं, उतरतं मेज करून दिलं. कुणी सांगितलं नव्हतं. "कागदं मांडीवर ठिवून लिव्हती, पाठ वाकंल तुही," एवढंच म्हणाला.

वर्ष गेलं. मी वाट बघत होते की काही होऊ नये, आणि काहीही झालं नाही. कापूस बरा झाला, म्हैस व्याली, मी अकरावीला गंगाखेडला जाऊ लागले. मग मी त्याच मेजावर माझं पहिलं पत्रक लिहिलं. नाव, उलटा खांब. आमच्या माजघरातला खांब वर्षभर डोक्यावर उभा आहे आणि घरात सगळं सुरळीत आहे, तेव्हा लोकहो, विचार करा. त्यातलं एक वाक्य मला अजून तोंडपाठ आहे. 'बुंधा आणि शेंडा ओळखण्याचा दावा करणारे कारागीरही या खांबापुढून वर्षभर ये-जा करतात, पण त्यांच्याही हे ध्यानात आलेले नाही.' खांब कुणी उलटा केला, ते मी लिहिलं नव्हतं. 'खांब उलटा बसवला गेला आहे', असं लिहिलं होतं. दुसऱ्यांच्या वाक्यात कर्ता कुठं दडवलाय ते शोधायला मला आप्पांनी शिकवलं होतं. स्वतःच्या वाक्यात तो मला छान दडवता आला.

आप्पांनी वाचलं. "तुला कसं कळलं उलटा आहे ते?"

"बाबूमामानंच शिकवलं होतं. हात फिरवून."

ते खोटं नव्हतं. म्हणूनच ते इतकं सहज निघालं. आप्पांनी दोन ऱ्हस्व-दीर्घ सुधारले आणि माझ्याकडे तसं बघितलं. गंगाखेडला झेरॉक्स काढून मी ती पत्रकं राणीसावरगावच्या बाजारात स्वतःच्या हातानं वाटली.

बाबूमामाचं नाव मी लिहिलं नव्हतं, पण पंचक्रोशीत दुसरा सुतार होता कोण? आणि त्याच दिवसांत गावानं मारुतीपुढचा मंडप लाकडी खांबांवर नव्यानं उभा करायचं ठरवलं होतं. सोळा खांब. लोकांनी बांधावरची झाडं देऊ केली होती, बाबूमामानं हिंडून एकेक झाड निवडलं होतं, उभ्या खोडांवर गेरूच्या खुणा केल्या होत्या. हयातीतलं शेवटचं मोठं काम, असं तो ज्याला त्याला सांगायचा. हे मला माहीत नव्हतं, असं मी म्हणू शकत नाही. त्यानं मला त्यातली तीन झाडं दाखवली होती.

बाजारानंतर दोन दिवसांनी गावातली पाच-सहा माणसं आमच्या घरी आली, मधे बाबूमामा. कुणाच्या तरी हातात माझं पत्रक होतं, चार घड्या घातलेलं. मोठीमाय पदर तोंडाशी धरून चुलीपाशी उभी होती. रोज ज्या खांबाला ती दिवा दाखवायची तो उलटा आहे, हे तिला बाजारातून आलेल्या बाईनं सांगितलं होतं.

"बाबू, बघ बरं," कुणीतरी म्हणालं. "पोरीनं लिव्हलंय ते खरं का खोटं."

त्यानं खांबावर तळवा ठेवला. वरून खाली आणला. मग खालून वर. मग पुन्हा एकदा. पिशवीतून छोटा रंधा काढून एका कडेला खालून वर हलकेच लावला. रंधा अडला. तो खर्र आवाज माजघरात सगळ्यांनी ऐकला.

"उलटा हाय," तो म्हणाला.

"अन् बसवला कुणी?"

"मीच की." तो स्वतःच्या तळव्याकडं बघत होता. "खून केल्ती मी. ध्यानात हाय माह्या, खून केल्ती. चुकीच्या टोकाला केली असंल."

"असंल म्हंजी? ज्याला बुंधा-शेंडा कळंना त्याच्या हातनं देवाचा मंडप करायचा व्हय?"

मी आप्पांच्या शेजारी उभी होते, खांबापासून चार पावलांवर. एक वाक्य बोलायचं होतं. मी ते आत जुळवूनही ठेवलं होतं. पण ते बोलले असते तर माझा प्रयोग हा प्रयोग राहिला नसता, ती लबाडी ठरली असती, आणि आप्पा माझ्याकडे पुन्हा तसं कधी बघणार नव्हते. एवढंच कारण होतं. ते मी पुष्कळ वर्षं मोठं करून पाहिलं, विचाराचं नुकसान, चळवळीची बदनामी वगैरे. पण ते तेवढंच होतं, एका मुलीला आपल्या बापाच्या नजरेतून उतरायचं नव्हतं. आप्पाच उलट पुढे झाले आणि म्हणाले, "पण मंडळी, वर्षभर काही झालं का, ते बघा ना." कुणी तिकडं लक्ष दिलं नाही. बाबूमामानं रंधा पिशवीत घातला. जाताना मोठीमायला म्हणाला, "वैनी, मी बदलून देतो." मोठीमाय म्हणाली, "ऱ्हाऊ द्या भावजी," आणि दोघंही एकमेकांकडे न बघता बोलले.

मंडप लोखंडी पाइपांवर उभा राहिला, वर पत्रे. सोळा झाडांवरच्या खुणा पुढच्या पावसात धुऊन गेल्या. लोक चौकटी गंगाखेडहून तयार आणू लागले. दिवाळीनंतर ऊसतोडीचे ट्रॅक्टर आले तेव्हा बाबूमामा मुलाबरोबर आणि सुनेबरोबर, कमलबरोबर, ट्रॉलीत बसला. ज्या माणसानं तोडणीवाल्यांच्या दोन पिढ्यांना गाड्या करून दिल्या, तो सत्तरीला टेकल्यावर कोयता घेऊन निघाला होता. मी कॉलेजच्या बससाठी थांब्यावर उभी होते. ट्रॉली माझ्यापुढं थांबली, कुणाला तरी पाण्याचा हंडा चढवायचा होता. त्यानं मला पाहिलं.

"मेज हलत न्हाई ना गं?" त्यानं विचारलं.

"नाही मामा."

"हललं तर खाली कागदाची घडी सरकव. तुह्याकडं कागद लय."

आजूबाजूचे हसले. तोही हसला. त्याला टोमणा मारायचा नव्हता, हे मला तेव्हाही कळलं होतं.

त्या आठवड्यात मी आप्पांना सांगितलं. सगळं, काचकागदापासून. ते बराच वेळ चष्मा पुसत राहिले. मग म्हणाले, "हे आता बाहेर बोलू नकोस. लोक म्हणतील, यांचे सगळेच पुरावे असे." ज्या माणसानं मला विचारायला शिकवलं त्यानं मला गप्प बसायला सांगितलं, आणि मी सुटल्यासारखी गप्प बसले. आप्पांवर मी हे ढकलत नाही. ते सांगायच्या आधीही मी गप्पच होते.

पुढं मी परभणीला आले. लिहू लागले, सभांमधून बोलू लागले. श्रमाची प्रतिष्ठा या विषयावर माझी तीन पत्रकं आहेत. त्यांतलं एकही मी त्या मेजावर लिहिलं नाही. हे प्रकरणही त्याच्यावर लिहिलेलं नाही. ते माझ्या खोलीत आहे, त्याच्यावर विजेची बिलं ठेवलेली असतात. गावी गेले की मी बाबूमामाच्या गल्लीनं जात नसे, विहिरीकडून वळसा घालून जात असे. एवढी तर्कशुद्ध बाई, आणि एका गल्लीला घाबरत होते.

गेल्या उन्हाळ्यात तात्यांच्या मुलानं माळवद उतरवायला काढलं, स्लॅबसाठी. मोठीमाय आता खाटेवरच असते. तिची खाट अंगणात काढली होती. परभणीहून जुनं लाकूड घेणारा माणूस आला होता. खांब बाहेर आडवा पडला. इतक्या वर्षांत त्याला वाळवी लागली नव्हती, चीर गेली नव्हती. आणि मी आजही म्हणते, त्यानं कुणाचं काही वाईट केलं नव्हतं. लाकूडवाल्यानं त्याच्यावर हात फिरवला आणि हसला. "उलटा उभा केल्ता की ह्यो. कोन्या शिकाऊ सुताराचं काम हाय?"

मोठीमाय खाटेवरून म्हणाली, "बाबूचं." नुसतं नाव. त्यात राग नव्हता, ठरलेली गोष्ट सांगावी तसं.

मी चपला घातल्या आणि त्या गल्लीनं गेले.

तो ओट्यावर बसला होता. डोळ्यांत मोतीबिंदू, गुडघे छातीशी. मी हाक मारली तशी त्यानं आवाजावरून ओळखलं. "मास्तरची पोरगी का? बस." कमल आत पीठ मळत होती. मी बसले नाही.

"मामा, तो खांब तुम्ही उलटा बसवला नव्हता. तुमची खूण मी पुसली होती. दुसऱ्या टोकाला मी काढली होती. तुम्ही चिंचेखाली झोपला होता तेव्हा."

"कोंचा खांब?" असं म्हणाला आणि लगेच स्वतःच म्हणाला, "दुसरा कोंचा असनार." त्यानं उजवा तळवा डोळ्यांपाशी नेला.

"म्हंजी माहा हात चुकला नव्हता."

"नाही."

"कमल, हिकडं ये." ती पिठाच्या हातानं उंबऱ्यात आली. "आता पुन्यांदा सांग. हिला सांग."

मी पुन्हा सांगितलं. दुसऱ्यांदा ते जास्त जड गेलं. कमल माझ्याकडं बघत राहिली. "लय शिकल्या तुमी," ती म्हणाली. "धा वर्सं ह्यो मानूस लाकडाला हात लावायला भेलाय. घरातला पाट मोडला तर मला म्हन्ला, दुसऱ्याकडून करून आण."

"मंडप त्येंनी काढून घेतला, ते एक झालं," बाबूमामा सावकाश म्हणाला. जणू हिशेब माझ्याशी नव्हता, स्वतःशीच होता. "पर बाकीचं मीच सोडलं. खून केली की दोनदा बघायचो. मंग तिनदा. दोनदा बघाया लागलं ना पोरी, की हात चालत न्हाई."

"मला माफ करा मामा."

"ते ऱ्हाऊ दे." त्यानं हात हलवला, माशी उडवावी तसा. "तू कागदं काढती ना अजून? ह्येचाबी काढ."

"काय लिहू?"

"बाबूचा हात चुकला नव्हता. बस. तुमचं ते श्रद्धा अन् पुरावा काही घालू नको त्यात."

परभणीला येऊन मी लिहायला बसले आणि दोन पानं झाली. त्यात उलट्या खांबानं काही होत नसतं हेही आलं, त्या वयाची समज आली, पश्चात्ताप हा शब्द तीनदा आला. एकेक काढत गेले. शेवटी तीन ओळी उरल्या. आमच्या माजघरातला खांब उलटा बसला, कारण सुतारानं केलेली खूण मी पुसली आणि खोटी खूण केली. बाबू सुताराचा हात चुकला नव्हता. 'उलटा खांब' हे पत्रक लिहिलं तेव्हाही मला हे माहीत होतं. खाली माझं नाव, गावासकट. इतकं लहान पत्रक मी कधी काढलं नव्हतं. आप्पांना आधी वाचून दाखवलं. निवृत्त झाले आहेत, ऐकायला कमी येतं. ते म्हणाले, "छापखान्यात मोठा टाइप घ्यायला सांग. म्हाताऱ्यांना वाचता आलं पाहिजे."

राणीसावरगावच्या बाजारात मी ते वाटलं, त्याच कोपऱ्यावर उभी राहून. तरुण पोरं घेऊन मोबाइलवर फोटो काढायची आणि विचारायची, कोण बाबू? काहींनी त्यात भजी बांधून घेतली. एका म्हाताऱ्यानं सगळं वाचलं, पुन्हा वाचलं, आणि टोपी काढून टोपीत ठेवलं. माझ्या जवळ येऊन म्हणाला, "म्हंजी खांब उलटाच व्हता."

"हो."

"अन् उलट्या खांबानं काही झालं न्हाई."

सोळाव्या वर्षापासून मी या एका वाक्याची वाट बघत होते.

"झालं," मी म्हणाले.

तिथून मी बाबूमामाकडं गेले. तो तिथंच, ओट्यावर. कमलनं या वेळी पाट पुढं सरकवला. मी कागद त्याच्या हातात दिला. त्यानं तो दोन्ही हातांनी धरला, मग मांडीवर ठेवून त्याच्यावर तळवा फिरवला. एका कडेकडून दुसऱ्या कडेकडं, आणि परत. पुन्हा एकदा. त्याच्या बोटांना काही लागत नव्हतं. त्यानं मान वर केली.

"ह्येचा बुंधा कुनीकडं?"

कागद त्यानं उलटा धरला होता. मी तो फिरवून सरळ केला, त्याचं बोट धरलं आणि दुसऱ्या ओळीवर, त्याच्या नावावर नेऊन ठेवलं.